कराबिनींच्या मुलखात

वॉशिंग्टनहून निघालेली आगगाडी पोटोमॅक नदीच्या बाजूने वायव्येकडे चालू लागली, की राजधानीची उपनगरे, मग शेते आणि मग राने मागे पडत जातात, आणि अखेरीस डोंगराच्या पोटातील एका बोगद्यातून बाहेर पडून पूल ओलांडताच हार्पर्स फेरी हे गाव अकस्मात दृष्टीस पडते. पोटोमॅक आणि शेनंडोआ या दोन नद्यांचा संगम, त्यावर तिन्ही बाजूंनी झुकलेले उंच कडे, आणि त्या दोहोंच्या बेचक्यात दगडी पायऱ्यांनी चढत गेलेली जुनी घरे, असे त्या स्थळाचे रूप असून निसर्गशोभेसाठी येथे येणाऱ्या प्रवाशांची गर्दी वर्षभर ओसरत नाही. माझे येणे मात्र त्या शोभेसाठी नव्हते. एकोणिसाव्या शतकातील घोडेस्वारांच्या, मागून भरावयाच्या कराबिनी गोळा करण्याचा नाद मला पुष्कळ वर्षांपासून लागलेला आहे, आणि ज्या मुलखात त्या घडल्या, तपासल्या गेल्या आणि वापरल्या गेल्या तो मुलूख पायी हिंडून पाहिल्यावाचून आपल्या संग्रहातील वस्तू आपल्याला खऱ्या अर्थाने कळणार नाहीत, ही जाणीव मला येथवर घेऊन आली होती. या कथेचा आरंभ कोठे करावा याविषयी माझ्या मनात संदेह नव्हता, कारण सरकारी सिलेखान्यात मागून भरावयाच्या बंदुका मोठ्या प्रमाणावर घडविण्याचा पहिला खटाटोप याच संगमावर झाला.

प्रवासाकडे वळण्यापूर्वी घोडेस्वाराची अडचण सांगितली पाहिजे, कारण ती ध्यानात घेतल्यावाचून या साऱ्या शोधांचे प्रयोजनच उमगत नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासावी लागते. पायदळाच्या शिपायाला हे उभ्याने करता येते. परंतु ज्याचा एक हात लगामात गुंतलेला आहे आणि ज्याच्याखालचे जनावर क्षणभरही स्वस्थ नाही, त्या स्वाराने दारू मोजून ओतावी कशी, आणि निसटून पडणारा गज सांभाळावा कसा? त्यात आणखी, स्वाराची बंदूक खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवून तोंड खाली करून लोंबत ठेवलेली असल्यामुळे घोड्याच्या दुडक्या चालीने ठासलेली गोळी हळूहळू घसरून निघून जाण्याचे भय असे. म्हणून नळी आखूड करावी आणि ती पिछाडीने भरावी, हा विचार सुचण्यास अवघड नव्हता. अवघड होते ते पिछाडी पुन्हा बंद करणे. दारू पेटली म्हणजे वायूचा दाब सर्व दिशांनी सारखाच रेटा देतो, आणि पिछाडीच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी तीतून ज्वाळा उसळून नेमबाजाच्या तोंडावर येते. एकोणिसाव्या शतकातील प्रत्येक कराबीन म्हणजे ही फट कशी बुजवावी या एकाच प्रश्नाचे एकेक निराळे उत्तर आहे, आणि या उत्तरांच्या विविधतेनेच मला या छंदाकडे ओढून नेले.

गावातून शेनंडोआच्या काठाने प्रवाहाच्या उलट दिशेस चालत गेले, की झाडीत बुडालेले जुन्या कारखान्यांचे पाये, पाणचक्क्यांचे कोरडे पाट आणि शेवाळलेल्या भिंती लागतात. येथेच, नदीकाठच्या एका बेटावर, जॉन हॉल या मेन प्रांतातील कारागिराची बंदुकीची शाळा होती. शाळा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण येथे शिकलेली माणसे पुढे साऱ्या न्यू इंग्लंडात पांगली. हॉलने १८११ साली आपल्या युक्तीचे हक्क मिळविले आणि १८१९ साली सरकारशी करार करून तो या संगमावर स्थायिक झाला. त्याच्या बंदुकीत नळीच्या मागच्या टोकास एक स्वतंत्र लोखंडी ठोकळा असे. खालची कळ दाबताच त्याचे पुढचे तोंड वर उचलले जाई, त्यात दारू आणि गोळी भरून तो खाली दाबला की बार तयार होई. १८३३ साली अमेरिकेने घोडेस्वारांची नवी पलटण उभारली तेव्हा तिच्यासाठी हॉलच्याच पद्धतीची कराबीन मुक्रर झाली, आणि गारगोटीच्या ठिणगीऐवजी तांब्याच्या टोपीवर उडणारे, त्या सरकारने स्वीकारलेले पहिले हत्यार हा मानही तिलाच मिळाला.

हॉलचे खरे कर्तृत्व मात्र त्या ठोकळ्याहून मोठे आहे. त्याच्या काळापर्यंत प्रत्येक बंदुकीचा प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच बंदुकीला बसविलेला असे, आणि एकीचा चाप दुसरीला लागत नसे. हॉलने यंत्रे रचली, मापांचे साचे केले, आणि १८२६-२७ च्या सुमारास आलेल्या सरकारी तपासनिसांपुढे बंदुका सुट्या करून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून, पुन्हा जोडून दाखविल्या. पुढे कनेटिकट प्रांतातील मिडलटाउन येथे सिमियन नॉर्थ याने त्याच नमुन्याची हत्यारे घडविली तेव्हा शेकडो मैल दूर असलेल्या दोन कारखान्यांतील भागही परस्परांस जुळू लागले. आज आपण शिवणयंत्राचा किंवा सायकलचा मोडलेला भाग दुकानातून आणून सहज बदलतो, त्या सोयीची एक मुळी या ओसाड बेटावरील दगडांत रुतलेली आहे. हॉलची कराबीन सांध्यातून वायू सोडी, झीज होताच ती अधिक सोडी, आणि अखेर ती मागे पडली. परंतु तिच्या उणिवेमुळे तिला कमी लेखणारा संग्राहक मला आंधळा वाटतो.

हॉलच्या कारखान्यात हात तयार झालेल्यांपैकी ख्रिश्चन शार्प्स हा एक होता. त्याने १८४८ साली निराळाच उपाय काढला. चापाभोवतीचे कडे तरफेसारखे खाली ओढले, की नळीमागील भक्कम ठोकळा उभ्या खाचेत खाली उतरे; कागदाचे किंवा तागाच्या कापडाचे काडतूस आत सारून कडे वर घेतले, की ठोकळ्याची धारदार कड काडतुसाचे शेपूट कापून दारू उघडी करी. स्वाराला दात लावावा लागत नसे, की गज हाताळावा लागत नसे. या कराबिनीची पहिली राजकीय कीर्ती झाली ती सैन्यात नव्हे, तर गुलामगिरीच्या विरोधकांच्या हाती. १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राउन एकवीस साथीदारांसह याच गावावर चालून आला तेव्हा मेरिलँडातील एका शेतघरात त्याने साठविलेल्या शस्त्रांत शार्प्सच्या सुमारे २०० कराबिनी होत्या. सरकारी शस्त्रागार ताब्यात घ्यावे आणि गुलामांच्या हाती शस्त्रे द्यावीत असा त्याचा बेत होता. हॉलचा कारखाना त्याच्या माणसांनी काबीज केला, पण तेथून माघार घेताना त्याचा विश्वासू सहकारी जॉन केगी नदीच्या पात्रात मारला गेला. ब्राउन स्वतः आगीच्या बंबाच्या विटांच्या कोठीत कोंडला गेला, रॉबर्ट ली याच्या हुकमतीखालील नौसैनिकांनी दार फोडून त्याला धरले, आणि डिसेंबरात त्याला फाशी झाली.

ती विटांची कोठी पुढे उखडून शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनास नेली गेली, परत आली, पुन्हा हलली, आणि आज मूळ जागेच्या जवळच उभी आहे. तिच्या दाराशी उभे असताना मला महात्मा फुल्यांचे स्मरण झाले, आणि ते कोणत्याही मराठी माणसाला तेथे व्हावे असेच आहे. जोतीरावांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, हबशी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना सन्मानार्थ अर्पण केलेले आहे. पुण्यातील एका माळ्याच्या घरातून अटलांटिकच्या पलीकडे गेलेली ती कृतज्ञता ज्या संघर्षाला वाहिलेली होती, त्याची एक ठिणगी या दारात पडली होती. शस्त्र निरपराध असते असे मी कधी म्हणणार नाही. परंतु ते कोणाच्या हाती आणि कशासाठी होते याचा शोध घेतल्यावाचून त्याच्यावर निकाल देणेही मला न्याय्य वाटत नाही.

१८६१ साली अंतर्गत युद्ध पेटले आणि चार वर्षांत उत्तरेच्या सरकारने कराबिनींची जी खरेदी केली ती चार लाखांच्या आसपास गेली. नमुने इतके, की आजच्या संग्राहकाला एकेक मिळवीत जाण्यास निम्मे आयुष्य पुरत नाही. पेनसिल्वेनियातील एका गावी, जत्रेच्या मैदानावरील लांबलचक पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात मी प्रथम गेलो तेव्हा हिरव्या बनातीवर मांडलेल्या त्या रांगा पाहून माझे भान हरपले होते. अमेरिकेच्या कायद्याने १८९८ सालापर्यंत घडलेल्या हत्यारांस प्राचीन वस्तू मानले असल्यामुळे तेथे ती पुस्तकांसारखी मोकळेपणाने चाळली जातात. येथे बर्नसाइडची कराबीन होती. अँब्रोज बर्नसाइड हा पुढे फ्रेडरिक्सबर्गच्या पराभवाने अपकीर्त झालेला सेनापती, परंतु १८५६ साली त्याने पितळेचे निमुळते काडतूस योजून वायूचा प्रश्न अशा रीतीने सोडविला, की बार होताच पितळ फुगून सांधा स्वतःच बुजवी. येथे एडवर्ड मेनार्ड या वॉशिंग्टनच्या दंतवैद्याची हलकी, सुबक कराबीन होती, जिच्या पितळी काडतुसाच्या बुडाला टोपीची ज्वाळा आत घेण्यापुरते सुईएवढे भोक असे. गिल्बर्ट स्मिथ या डॉक्टरची कराबीन मधोमध मोडून उघडे, आणि तिचे काडतूस रबराचे असे. दंतवैद्य, डॉक्टर, पदवीधर सेनाधिकारी, यंत्रज्ञ, असे नाना व्यवसायांचे लोक त्या एकाच फटीमागे लागले होते.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. वडील तेथे काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांच्या विभागात होते, आणि पितळ किती ताणावे, किती तापवून मऊ करावे म्हणजे ते फुगून पुन्हा आकसेल, हे त्यांनी मला लहानपणी एका रिकाम्या पुंगळीवर बोट ठेवून समजावले होते. १८६९ साली स्थापन झालेल्या त्या कारखान्यात जे ज्ञान रोजच्या सवयीचे झाले होते, ते बर्नसाइडच्या आणि मेनार्डच्या त्या वेड्यावाकड्या काडतुसांत जन्मास येताना मी पेनसिल्वेनियाच्या त्या छपराखाली पाहिले. पुंगळीने फट बुजविली आणि शंभर वर्षांचा प्रश्न मिटला. ठोकळे, तरफा, कडी आणि रबर यांच्या साऱ्या युक्त्या एका झटक्यात निकामी झाल्या. जगाने त्या विसरून जाणे स्वाभाविक होते. न विसरणारे थोडे लोक त्या छपराखाली जमलेले होते.

त्याच बाजारात एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने मला या छंदाचा पहिला धडा दिला. त्याच्या मेजावर दोन कराबिनी होत्या. एक आरशासारखी चकचकीत, लाकडावर नवे तेल, नळीवर नवा निळा रंग. दुसरी स्मिथची, काळवंडलेली, धातूवर तपकिरी थर, लाकडावर ओरखडे. मी पहिलीकडे हात नेला तेव्हा तो सौम्यपणे म्हणाला, “साहेब, ती देखणी आहे, पण ती आता काही सांगणार नाही. हिला विचारा.” आणि त्याने दुसरी माझ्या हाती दिली. डाव्या बाजूस एक लोखंडी दांडी आणि तीवर सरकणारी कडी होती. स्वाराच्या पट्ट्याची आकडी त्या कडीत अडके, आणि घोड्याच्या प्रत्येक पावलागणिक कडी लाकडावर आपटून आपटून तेथे बोटभर खळगा पडलेला होता. दस्त्यावर तपासनिसाच्या आद्याक्षरांचा लंबगोल शिक्का अर्धवट झिजूनही वाचता येत होता. सरकारने माल मंजूर केल्याची ती मोहोर होय. त्याखाली कोणा शिपायाने चाकूने कोरलेली दोन अक्षरे होती. चकचकीत कराबिनीच्या लाकडावरून हे सारे घासून काढलेले होते, आणि तिचा शिक्का इतका ठसठशीत होता, की तो अलीकडे कोणी मारला असावा हे त्या वृद्धाने मला बोटाने चाचपून पटवून दिले. मी स्मिथची कराबीन घेतली, आणि तेव्हापासून ज्या वस्तूवर कोणी साफसफाईचा हात फिरविलेला आहे तिला मी दुरूनच नमस्कार करतो.

शस्त्रांच्या अंगावरील खुणा वाचण्यास शिकावयाचे तर मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गाठावे. कनेटिकट नदीवरील टेकडीवर असलेले हे सरकारी शस्त्रागार १७९४ पासून १९६८ पर्यंत चालू होते, आणि आता त्याच्या मुख्य कोठारात संग्रहालय आहे. लॉंगफेलो हा कवी १८४३ साली नवपरिणीत पत्नीसह येथे आला होता आणि भिंतीला लावून ओळीने उभ्या केलेल्या बंदुकांना त्याने एका कवितेत ऑर्गन वाद्याच्या नळ्यांची उपमा दिली. ती युद्धविरोधी कविता ज्या रचनेवरून सुचली तशा मांडणीचा एक प्रचंड फडताळ तेथे आजही उभे आहे. मला मात्र अधिक वेळ खिळवून ठेवले ते थॉमस ब्लँचर्डच्या लेथने. बंदुकीचा दस्ता हा वाकडातिकडा आकार, तो गोल फिरणाऱ्या यंत्राने कापता येईल ही कल्पना सहजी सुचणारी नव्हती. ब्लँचर्डने १८२० च्या सुमारास असे यंत्र रचले, की त्याचे एक चाक लोखंडी नमुन्यावरून फिरते आणि दुसरे, पाती असलेले चाक त्याच वेळी लाकडावर तोच आकार कोरीत जाते. ज्या दस्त्यावरील ओरखडे मी घरी बसून वाचीत असतो, त्याचा जन्म कसा झाला हे त्या यंत्रासमोर उभे राहून उमगले, आणि कारागिराच्या हातातून कौशल्य लोखंडात उतरण्याचा तो क्षण माझ्या मनावर फार खोल ठसला.

स्प्रिंगफील्डहून नदीच्या वरच्या अंगास उत्तरेकडे गेले, की व्हरमाँट प्रांतातील विंडसर हे लहानसे गाव लागते. नदीवर १८६६ चा छपरी लाकडी पूल, मागे अस्कटनी पर्वत, आणि ओढ्याकाठी १८४६ साली बांधलेली रॉबिन्स आणि लॉरेन्स यांची विटांची तीनमजली इमारत, जी आता यंत्रविद्येचे संग्रहालय झालेली आहे. या कारखान्याने शार्प्सच्या आरंभीच्या कराबिनी घडविल्या, आणि रिचर्ड लॉरेन्स हाच पुढे हार्टफर्ड येथील शार्प्सच्या कारखान्याचा आधारस्तंभ झाला. परंतु माझ्या दृष्टीने विंडसरचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. १८५१ साली लंडनच्या स्फटिकगृहातील प्रदर्शनात या कारखान्याच्या, भाग अदलाबदल होणाऱ्या बंदुका इंग्रजांनी पाहिल्या. त्यांचे शिष्टमंडळ अमेरिकेत आले. आणि विंडसरहून घेतलेल्या यंत्रांवर लंडनजवळील एनफील्ड येथील सरकारी कारखान्याची नवी घडी बसली. त्याच एनफील्डच्या नावाने ओळखल्या गेलेल्या १८५३ च्या नमुन्याच्या बंदुकीचे चरबी लावलेले कागदी काडतूस हिंदुस्थानच्या शिपायांना दाताने तोडावयास सांगण्यात आले, आणि १८५७ चा वणवा भडकण्यास जी अनेक कारणे झाली त्यांत त्या काडतुसाचे स्थान प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे.

त्या ओढ्याकाठी बसून मी बराच वेळ या एका गोष्टीचा विचार करीत होतो. दाताने काडतूस तोडण्याची गरज तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीला होती. ज्या कराबिनीत ठोकळ्याची कड स्वतःच काडतूस कापी, ती शार्प्सची कराबीन तेव्हा अस्तित्वात होती, ब्रिटिश सरकारने आपल्या घोडदळासाठी तशा सुमारे ६००० मागविल्याही होत्या, आणि त्यांतील काही त्याच धामधुमीच्या काळात हिंदुस्थानात येऊन पोचल्या. गोऱ्या स्वाराला नवे यंत्र आणि देशी शिपायाला जुने, हा भेद पुढे तर धोरणच झाला. उठाव मोडल्यावर देशी पलटणींना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या, हलक्या प्रतीच्या बंदुका देण्यात आल्या, आणि १८६० च्या दशकात गोऱ्या सैन्याच्या हाती मागून भरावयाची स्नायडर आली तेव्हाही देशी शिपाई एक पिढी मागेच ठेवला गेला. राज्यकर्त्यांचा प्रजेवरील अविश्वास लेखी फर्मानांत जितका आढळतो तितकाच तो बंदुकीच्या नळीच्या आतल्या बाजूसही कोरलेला असतो. या अर्थाने मी जुन्या कराबिनींना इतिहासाचे दप्तर मानतो, आणि ते दप्तर वाचण्यासाठी ज्याने त्याने आपापल्या देशाचे डोळे घेऊन यावे.

यानंतरचा माझा प्रवास पश्चिमेकडे, मोंटानाच्या गवताळ टेकड्यांवर झाला. अमेरिकेतील अंतर्गत युद्ध संपेपर्यंत दस्त्यातील नळीत सात काडतुसे साठविणारी स्पेन्सरची कराबीन सर्वांवर मात करून बसली होती. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६३ च्या ऑगस्टात ती स्वतः झाडून पाहिली होती. पण शांतता झाल्यावर लष्करी खात्याने काटकसरीस्तव एकेकच बार भरणारी, स्प्रिंगफील्डची १८७३ च्या नमुन्याची कराबीन पसंत केली, आणि तीच घेऊन लेफ्टनंट कर्नल कस्टरचे स्वार २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या लाकोटा, शायेन आणि अरापाहो लोकांच्या विशाल तळावर चालून गेले. कस्टर आणि त्याच्याबरोबरच्या पाच तुकड्यांतील एकही माणूस जिवंत राहिला नाही. पराभवाचा दोष पुष्कळ वर्षे तांब्याच्या पुंगळीवर टाकला जाई: तापलेल्या नळीत ती रुतून बसे, बाहेर ओढणारी आकडी तिची कडा फाडून रिकामी येई, आणि शिपाई सुरीच्या टोकाने ती उकरीत असतानाच मारले गेले, असे सांगत असत.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९८३ च्या ऑगस्टात, त्या टेकड्यांवरील गवताला वणवा लागला आणि जमीन उघडी पडली. पुढील उन्हाळ्यांत पुरातत्त्वज्ञांनी सारी रणभूमी धातुशोधक यंत्रांनी तपासली, प्रत्येक गोळी आणि पुंगळी जेथे सापडली ती जागा नकाशावर नोंदली, आणि मग पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. घोड्याचा आघात काडतुसावर पोचविणारी खीळ आणि पुंगळी ओढणारी आकडी, प्रत्येक बंदुकीत किंचित निराळी असते आणि तिची खूण तांब्यावर कायमची उमटते. त्या खुणांवरून एकच कराबीन टेकडीवर कोठून कोठे गेली हे रेखाटता आले. शिपायांच्या फळीत कोठे शिस्त होती आणि कोठे ती मोडली हे दिसले. विरुद्ध बाजूच्या योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टरच्या अनेकबारी बंदुका किती होत्या हे उघड झाले. आणि सुरीने उकरल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या फारच थोड्या निघाल्यामुळे पुंगळीवरील तो जुना आरोपही बव्हंशी गळून पडला. ज्या लढाईतून कस्टरबरोबरचा साक्षीदार परतला नाही, तिची जबानी हत्यारांनी दिली. आणि तिने लाकोटा आणि शायेन लोक पिढ्यान्‌पिढ्या जे सांगत आले होते त्याला बऱ्याच ठिकाणी दुजोरा दिला.

या स्थळाचे नाव १९९१ पर्यंत केवळ कस्टरच्या नावाने होते. आता ते नदीच्या नावाने आहे. उतारावर शिपाई जेथे पडले तेथे संगमरवराच्या पांढऱ्या शिळा पूर्वीपासून आहेत, आणि १९९९ पासून योद्धे जेथे पडले तेथे तांबड्या ग्रॅनाइटच्या शिळाही उभ्या राहू लागल्या आहेत. मी त्या उतारावर दिवसभर हिंडलो. खासगी संग्रहांतील काही जुन्या बंदुकांची खूण या मातीत सापडलेल्या पुंगळ्यांशी जुळली आहे, हे मला ठाऊक होते; आणि त्यांच्या पूर्वीच्या मालकांनी जर झिजलेली म्हणून ती खीळ बदलून टाकली असती, तर ती कराबीन या टेकडीवर होती हे कोणासही कधीच कळले नसते, हा विचार माझ्या मनातून जाईना. पेनसिल्वेनियातील त्या वृद्धाने सांगितलेली गोष्ट येथे शास्त्राने सिद्ध केली होती. संग्राहक हा वस्तूचा धनी नाही. तो तिचा काही काळाचा दप्तरदार आहे, आणि दप्तरदाराने कागदावर एक अक्षर खोडू नये, की आपल्या पदरचे एक अक्षर घालू नये.

म्हणून माझ्या जवळच्या प्रत्येक कराबिनीबरोबर मी एक वही ठेविली आहे. ती कोणाकडून आली, तिच्यावर कोणते क्रमांक आणि शिक्के आहेत, कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून बसविलेला दिसतो, लाकूड कोठे झिजलेले आहे, हे सारे त्यात लिहिलेले असते, आणि माझ्या पश्चात ती वही हत्याराबरोबरच जावी अशी व्यवस्था मी करून ठेविली आहे. आपल्याकडील वाड्यांतून, देवघराच्या वरच्या फळीवर किंवा माडीच्या खुंटीला, पणजोबांची ठासणीची बंदूक, तलवार किंवा कट्यार अजून पुष्कळ घरी आहे, आणि खंडेनवमीला पूजेसाठी ती विटकरीच्या भुकटीने घासून लख्ख करण्याची चाल आहे. त्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे, की बंदूक असेल तर तिच्याविषयीचे कायद्याचे सोपस्कार प्रथम पुरे करावेत, पूजा अवश्य करावी, गंज पसरू नये म्हणून तेलाचा पातळ हात जरूर फिरवावा, पण विटकर, कानस आणि रंग तिच्यापासून दूर ठेवावेत, आणि घरातील वृद्ध माणसे हयात आहेत तोवर त्या शस्त्राविषयी त्यांना जे ठाऊक असेल ते आजच लिहून काढावे. पुढच्या पिढीतील कोणी जिज्ञासू जेव्हा ते शस्त्र हाती घेईल, तेव्हा त्याला काय वाचता येईल हे आपण आज काय पुसतो आणि काय राखतो यावर सर्वस्वी अवलंबून आहे.